हरणाच्या शिकारीसाठी हलकी रायफल आणि काडतूस कसं निवडावं

दुकानात हातात घेतलेली सहा पाउंडांची रायफल जंगलात सहा पाउंडांची राहत नाही. वर दुर्बीण बसते, दुर्बिणीच्या कड्या येतात, पट्टा येतो, मॅगझिनमध्ये चार काडतुसं जातात, आणि टेकडीच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत खांद्यावर साडेसात-पावणेआठ पाउंड लटकत असतात. म्हणून हलक्या रायफलचा विचार कॅटलॉगमधल्या आकड्यापासून नाही, तर शिकारीला तयार असलेल्या पूर्ण रायफलच्या वजनापासून सुरू करायचा. काडतूस त्यानंतर, त्या वजनाला झेपेल असं निवडायचं. बहुतेक जण क्रम उलटा लावतात: आधी जबरदस्त काडतूस ठरवतात, मग त्यासाठी सर्वांत हलकी रायफल शोधतात. अशी रायफल तीन-चार बारांनंतर कपाटात जाते.

हे मार्गदर्शन अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या पूर्वेकडच्या जंगलांत, म्हणजे पेनसिल्वेनिया, न्यूयॉर्कचा वरचा भाग, वेस्ट व्हर्जिनिया अशा डोंगराळ मुलखात, व्हाइटटेल हरणाची परवानाधारक शिकार करू पाहणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीला बंदी आहे. चितळ, सांबर, काळवीट यांच्या बाबतीत इथलं काहीही लागू नाही.

पैसे मोजण्याआधी कायदा

एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच मुळात गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि आपल्यासाठी महत्त्वाचा एकच: कुठल्याही राज्याचा वैध, मुदतीतला शिकार परवाना. मुदत संपली की अपवाद संपला, रायफल मात्र घरातच असते. या चुकीची किंमत फार मोठी असू शकते. म्हणून व्हिसावर असलेल्याने खरेदीआधी इमिग्रेशन आणि शस्त्र कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाशी एकदा बोलावंच. भाड्याने घेतलेली किंवा मित्राची रायफल हातात धरणंही 'बाळगणं' ठरू शकतं, हेही ध्यानात असू द्या. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची बंदी लागू नाही, पण राज्याचे नियम त्यांनाही आहेत.

दुसरी गोष्ट राज्याची. एडिसन आणि आसपास आपली एवढी वस्ती आहे, पण न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल (बुडाच्या मध्यावरच्या टोपीवर ठोका बसून उडणाऱ्या काडतुसाची) चालत नाही. तिथे शॉटगन, तोंडाकडून भरायची बंदूक किंवा धनुष्य. त्यामुळे न्यू जर्सीकर शिकारी रायफल घेतो ती शेजारच्या राज्यात जाण्यासाठी, आणि तिथला अनिवासी परवाना वेगळा काढावा लागतो. ओहायोत सरळ भिंतीच्या पुंगळीचं (दारू भरतात त्या धातूच्या कवचाचं) काडतूस लागतं. पुढे मान आवळलेलं नेहमीचं काडतूस चालत नाही. व्हर्जिनियात गोळीचा व्यास किमान .२३ इंच हवा, म्हणजे .२२३चं काडतूस बाद. कोलोरॅडोत किमान .२४ इंच व्यास, ७० ग्रेनची (ग्रेन म्हणजे पाउंडाचा सात-हजारावा भाग) प्रसरण पावणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा असा नियम आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कुठल्याही शिकारीला शिसं नसलेलीच गोळी वापरावी लागते. दरवर्षी राज्याची नवी नियमपुस्तिका येते. रायफल ठरवायच्या आधी ती वाचा, कारण चुकीचं काडतूस घेतलं तर बाकी सगळी निवड फुकट जाते.

वजनाचा हिशोब

घरात भारतप्रवासाच्या बॅगा मोजायचा टांगता काटा असतोच. तो काढा. रायफल रिकामी आहे हे बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा) उघडून डोळ्याने पाहा, बोटाने चाचपा, आणि मग पट्ट्याला काटा लावून सगळ्या जामानिम्यासकट वजन करा. पूर्ण तयार रायफल साडेसहा ते सव्वासात पाउंड, म्हणजे साधारण तीन ते सव्वातीन किलो भरली तर ती डोंगरात दिवसभर वागवता येते आणि तिच्याने नेमही धरता येतो. पावणेआठच्या वर गेली की हलकी रायफल घेतल्याचा फायदा संपला. सहाच्या खाली गेली की वेगळेच त्रास सुरू होतात.

ते त्रास काय आहेत ते आधी समजून घेतले पाहिजेत, कारण जाहिराती त्यांच्याबद्दल बोलत नाहीत. हलकी वस्तू सहज हलते. चढ चढून आल्यावर छाती धपापत असते, नाडी जोरात चालते, आणि पाच पाउंडांची रायफल त्या प्रत्येक ठोक्याबरोबर थरथरते. आठ पाउंडांच्या रायफलची जडताच हा थरकाप बराचसा गिळून टाकते. चाप ओढताना बोटाचा जो थोडा बाजूला जोर जातो, तोही हलक्या रायफलला जास्त ढकलतो. नळी बारीक असल्याने तीन बारांत तापते आणि गोळ्या नेमापासून सरकू लागतात. शिवाय धक्का: काडतूस तेच ठेवलं तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. आठ पाउंडांवरून सहावर आलात की ती थेट एक तृतीयांशाने वाढली.

मग वजन कमी करायचं कुठे? सर्वांत स्वस्त जागा दुर्बिणीची आहे, आणि तिथेच लोक सर्वांत जास्त वजन चढवतात. ५० मिलिमीटर भिंगाची, ३० मिलिमीटर नळीची मोठी दुर्बीण वीस औंसांच्या पुढे जाते. एक इंच नळीची, ३३ किंवा ३६ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण अकरा-बारा औंसांत मिळते. इथेच अर्धा पाउंड गेला, आणि खिशातून उलट कमी पैसे गेले. नंतर कड्या: पोलादी पट्टी आणि कड्यांच्या जागी टॅली कंपनीच्या एकसंध अॅल्युमिनियम कड्या घातल्या तर आणखी तीन-चार औंस उतरतात. मग दस्ता. लाकडी दस्ता दोन पाउंडांच्या पुढे असतो, चांगला कार्बन फायबरचा दीड पाउंडाच्या आसपास. नळीवर खाचा पाडल्याने दोन-चार औंसच कमी होतात. टायटॅनियमच्या अॅक्शनला (बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो मधला भाग) मोजलेल्या पैशांत तर दोन हंगामांचा अनिवासी परवाना, पेट्रोल आणि सरावाची काडतुसं येतील. आणि रायफलला कायमचा दुपायी टेकू जोडू नका. तो बारा औंसांचा असतो आणि पूर्वेकडच्या झाडीत, आडवं पडायला जागाच नसल्याने, उपयोगाचाही नसतो. हातात धरायची काठी घ्या. तिचं वजन चालताना जमिनीवर पडतं.

काडतूस: धक्क्याचं गणित आधी मांडा

धक्क्याची ऊर्जा घरी काढता येते. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले तिचा फूट प्रति सेकंदातला वेग. त्यात बंदुकीच्या दारूचं ग्रेनमधलं वजन गुणिले ४७०० मिळवा. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा हा धरून चालायचा वेग. बेरजेला ७०००ने भागा, उत्तराचा वर्ग करा, आणि त्या वर्गाला रायफलच्या पाउंडांतल्या वजनाच्या ६४.४ पटीने भागा. उत्तर फूट-पाउंडांत येतं. उदाहरणार्थ, ७ एमएम-०८ या काडतुसात १४० ग्रेनची गोळी, २८०० फूट वेग आणि ४४ ग्रेन दारू धरली तर आठ पाउंडांच्या रायफलला १४.२, साडेसहाच्या रायफलला १७.५ आणि साडेपाचच्या रायफलला २०.७ फूट-पाउंड धक्का.

हाच हिशोब साडेसहा पाउंडांच्या तयार रायफलसाठी, नेहमीच्या भरणीनुसार (गोळी आणि दारूच्या मापानुसार) मांडला तर चित्र असं दिसतं:

.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन: १२ फूट-पाउंड
.३०-३० विंचेस्टर, १५० ग्रेन: १३
६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन: १६
७ एमएम-०८ रेमिंग्टन, १४० ग्रेन: १७.५
.३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन: १९.५
.२७० विंचेस्टर, १३० ग्रेन: २१
.३०-०६ स्प्रिंगफील्ड, १६५ ग्रेन: २५.५
.३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन: ३६.५

बऱ्याच नेमबाजांना पंधरा-सोळा फूट-पाउंडांपर्यंत फारसा त्रास होत नाही. विशीच्या पुढे गेलं की सरावाच्या टेबलावर दहा-बारा बारांनंतर डोळा आपोआप मिटू लागतो, आणि विशेष म्हणजे ज्याचा मिटतो त्याला ते कळत नाही. म्हणून वीस ही हलक्या रायफलची लक्ष्मणरेषा माना. .३०० मॅग्नम साडेसहा पाउंडांत घेणं म्हणजे स्वतःला वाईट नेमबाज बनवायचं शिक्षण विकत घेणं. व्हाइटटेलला त्या ताकदीची गरजही नाही: छातीतली मर्माची जागा जेमतेम आठ इंचांची, बरगड्या पातळ, आणि पूर्वेकडच्या जंगलात बरेचसे बार शंभर यार्डांच्या आतले.

आमची पहिली पसंती ७ एमएम-०८. .३०८ची पुंगळी ७ मिलिमीटरपर्यंत आवळून हे काडतूस बनलं आणि रेमिंग्टनने ते १९८०मध्ये बाजारात आणलं. १४० ग्रेनची गोळी, नळीच्या तोंडाशी सुमारे २४०० फूट-पाउंड ऊर्जा. हरीण थोडं तिरकं उभं असलं तरी आत पुरेशी खोल जाते, आणि वीस-बावीस इंचांच्या नळीतही वेग फार गमावत नाही. उणीव एकच: छोट्या गावातल्या दुकानात याच्या खोक्यांचे प्रकार कमी मिळतात. हंगामाच्या दोन महिने आधी एकाच लॉटचे चार-पाच खोके घेऊन ठेवले की तो प्रश्न मिटतो.

६.५ क्रीडमूर हॉर्नाडीने २००७मध्ये आणलं, ते लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी. शिकारीत ते ७ एमएम-०८च्या इतकं जवळ आहे की हरणाला फरक कळणार नाही. धक्का जरा कमी, काडतुसं सगळीकडे मिळतात, आणि बहुतेक हलक्या रायफली याच काडतुसात आधी येतात. घेतलं तर चूक अजिबात नाही. फक्त त्याच्या नावाभोवतीच्या सहाशे यार्डांच्या गप्पांना भुलू नका. हलक्या रायफलने, थंडीत, धापा टाकत घेतलेला बार त्या गप्पांपासून फार दूर असतो.

.२४३ विंचेस्टर १९५५चं. पहिली रायफल घेणारा, धक्क्याची धास्ती असणारा किंवा अंगाने किरकोळ माणूस यांच्यासाठी हे उत्तम आहे, पण शिस्त मागतं. ९५ ते १०० ग्रेनची, हरणासाठीच बनवलेली गोळी घ्या. याच काडतुसात ५५ ते ७५ ग्रेनच्या गोळ्याही मिळतात, त्या कोल्ह्या-घुशींसारख्या प्राण्यांसाठी असतात. त्या हरणाच्या खांद्यावर वरच्यावर फुटतात आणि जखमी हरीण निघून जातं. खोक्यावर कॅलिबर (नळीच्या व्यासाचा आकडा) बरोबर दिसलं म्हणून गोळी बरोबर असेलच असं नाही. बार आडव्या उभ्या हरणावर, दोनशे यार्डांच्या आत.

.३०८ हे १९५२चं, सर्वांत सहज मिळणारं. १५० ग्रेनच्या वर जाऊ नका. हलक्या रायफलमध्ये १६५ किंवा १८० ग्रेनची गोळी हरणासाठी फक्त खांदा दुखवते. पुढे मूस किंवा एल्क अशा मोठ्या हरणांचा विचार असेल तरच .३०८ला ७ एमएम-०८च्या पुढे ठेवा. .२७० हे १९२५पासूनचं नावाजलेलं काडतूस, त्याची गोळी सपाट मार्गाने जाते, पण त्याला लांब अॅक्शन लागते. लांब अॅक्शन म्हणजे आणखी दोन-चार औंस, आणि दारू जास्त असल्याने बावीस इंचांखालच्या नळीत आवाज आणि ज्वाळ दोन्ही वाढतात.

दाट जंगलात, जिथे ऐंशी यार्डांपलीकडे दिसतच नाही, तिथे १८९५चं .३०-३० अजूनही मानाने उभं आहे. मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४ या लिव्हरच्या (चापाखालची तरफ ओढून भरायच्या) रायफली सपाट असल्याने हातात सुरेख बसतात. एक धोका मात्र नीट लक्षात घ्या. त्यांच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात, म्हणजे एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या भागावर, टेकलेलं असतं. तिथे टोकदार गोळी कधीही भरायची नाही. सपाट किंवा बोथट टोकाची, नाहीतर हॉर्नाडीची मऊ टोकाची खास गोळीच.

ओहायोसारख्या राज्यासाठी विंचेस्टरचं २०१९चं .३५० लीजंड पाहा. धक्का हलका, काडतूस स्वस्त, पल्ला दीडशे यार्ड धरून चालायचं.

गोळी

काडतुसापेक्षा गोळीची घडण जास्त महत्त्वाची, तरी तिच्यावर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात. साधी तांब्याच्या वेष्टणातली शिशाची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) गोळी २८०० फुटांच्या आतल्या वेगाला, बरगडीमागे मारलेल्या बाराला अगदी पुरेशी आहे. वेग वाढला, अंतर कमी झालं, वाटेत खांद्याचं हाड आलं, की ती फार लवकर फुलते आणि पुढच्या फऱ्याचं मांस रक्ताळून वाया जातं. वेष्टण आणि शिसं एकमेकांना चिकटवलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ फेडरल फ्यूजन किंवा नॉस्लर अॅक्युबाँड, हे सहन करतात.

संपूर्ण तांब्याच्या गोळ्या, जशा बार्न्सच्या टीटीएसएक्स, फुटत नाहीत आणि मांसात शिशाचे कण सोडत नाहीत. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई ते मांस खाणार असेल तर आमचा आग्रह तांब्याचाच आहे. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तांब्याच्या दोन गरजा सांभाळा. एक, तिला फुलायला वेग लागतो, म्हणून नेहमीपेक्षा थोडी हलकी गोळी घ्या: ७ एमएम-०८मध्ये १२० ग्रेन, .३०८मध्ये १३० किंवा १५०, .२४३मध्ये ८० किंवा ८५. दोन, तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) जास्त लागतो. .२४३ची नळी बहुधा दहा इंचांत एक वेढा देणारी असते, तिच्यात १०० ग्रेनची लांब तांब्याची गोळी गडबडते. कागदावर भोक गोलऐवजी लांबट दिसलं तर गोळी आडवी होत चालली आहे असं समजा आणि ती भरणी सोडून द्या.

सैन्याची पूर्ण वेष्टणातली स्वस्त गोळी हरणावर कधीही नाही. ती न फुलता आरपार जाते, हरीण मैलभर धावतं आणि सापडत नाही. अनेक राज्यांत ती शिकारीला बेकायदाही आहे.

रायफल हातात घेऊन काय पाहायचं

किमतीच्या खालच्या टोकाला रूगर अमेरिकन, सहा-सव्वासहा पाउंड. मधल्या टप्प्यात टिक्का टी-३एक्स लाइट, वजन जवळपास तेच, पण बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि चाप सुरेख. टिक्कात लांब आणि आखूड काडतुसांना अॅक्शन एकाच लांबीची असते, म्हणून तिथे आखूड काडतूस घेतल्याने वजन वाचत नाही. लाकूड आवडत असेल तर १९५२मध्ये पहिल्यांदा आलेली विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट. पावणेसातच्या आसपास, पण तोल इतका चांगला की वजन जाणवत नाही. वरच्या टोकाला किंबर ८४एम माँटाना, पाच पाउंडांच्या जरा पुढे. एवढी हलकी रायफल पहिली म्हणून घेऊ नये. तिच्यासाठी आधी सवय लागते.

दुकानात चार गोष्टी तपासा. पहिली, दस्त्याची लांबी. चापापासून मागच्या पॅडपर्यंत बहुतेक रायफली साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतात, ते सहा फुटी माणसाला धरून. पाच फूट चार इंचांच्या व्यक्तीला पावणेतेरा-तेरा इंच लागतात, आणि वर थंडीचं जाड जॅकेट आलं की आणखी कमी. लांब दस्त्याने रायफल खांद्याला नीट लागत नाही, काखेत अडकते, आणि डोळा दुर्बिणीच्या मागे फार दूर राहतो. कॉम्पॅक्ट मॉडेल लहान मुलांचं म्हणून संकोच करू नका. मोजून जे बसतं ते घ्या, आणि मापायला दुकानात जाडं जॅकेट घालूनच जा.

दुसरी, चापाचा जोर. अडीच ते साडेतीन पाउंड. सहा पाउंडांच्या रायफलला सहा पाउंडांचा चाप असेल तर ओढताना सगळी रायफलच सरकते.

तिसरी, दस्त्याचा पुढचा भाग. स्वस्त प्लॅस्टिकचा भाग दाबला की वाकतो आणि नळीला टेकतो. एक डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या फटीत सरकवा. अॅक्शनपर्यंत मोकळी गेली पाहिजे. आता पुढचा भाग हाताने नळीकडे दाबून पुन्हा पाहा. अडकली, तर ही रायफल टेकू बदलला की गोळीची जागा बदलणार. (काही रायफलींत पुढच्या टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो; तसं असेल तर पुस्तिकेत लिहिलेलं असतं.)

चौथी, नळीची लांबी. वीस ते बावीस इंच. काडतुसाच्या खोक्यावरचा वेग बहुधा चोवीस इंचांच्या नळीतला असतो. दर इंचामागे वीस-तीस फूट वजा करा. अठरा इंचांची नळी झुडपांत सोयीची, पण हलक्या रायफलमध्ये तिचं तोंड इतकं हलकं होतं की उभ्याने नेम धरताना ते भटकत राहतं.

नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला फेकणारी जोडणी) लावून धक्का कमी होतो हे खरं, पण जंगलात कानाला मफ लावून कोणी बसत नाही, आणि ब्रेकमधून बाजूला फेकलेला आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. त्यापेक्षा चांगलं रबरी पॅड लावा, सराव हॉर्नाडी कस्टम लाइटसारख्या कमी धक्क्याच्या काडतुसांनी करा.

दुर्बीण

पेनसिल्वेनियासह बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची वेळ असते, आणि हरणं नेमकी या कडेच्या वेळांना हलतात. संधिप्रकाशात डोळ्याला किती उजेड मिळतो ते भिंगाचा व्यास भागिले दुर्बीण किती पट मोठं दाखवते तो आकडा, यावरून कळतं. ३६ मिलिमीटरची दुर्बीण सहा पटीवर सहा मिलिमीटर देते, बहुतेक डोळ्यांना तेवढं पुरतं. म्हणजे मोठ्या भिंगाची गरज नाही, पट कमी करायची सवय हवी. २-७ किंवा २.५-८ पटीची दुर्बीण घ्या आणि चालताना कायम सर्वांत कमी पटीवर ठेवा. वीस यार्डांवर हरीण उठलं आणि दुर्बीण आठवर असली तर भिंगात नुसता तपकिरी रंग दिसतो.

डोळ्यापासून अंतर साडेतीन ते चार इंच राहील अशी बसवा. हलकी रायफल मागे जास्त येते, आणि तीन इंचांवर बसवलेली दुर्बीण भुवई फोडते. कड्यांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडांपर्यंत, टॉर्कच्या पान्यानेच आवळा. अंदाजाने आवळलेले स्क्रू हलक्या रायफलच्या धक्क्याने सैल होतात, किंवा उलट दुर्बिणीची नळी चेमटते.

नेम जुळवणं

दोन खोके, चाळीस काडतुसं, आणि सकाळचा निवांत वेळ. आधी २५ यार्ड. तिथे गोळी नेमक्या बिंदूवर आणा. दुर्बिणीच्या फिरकीची, शंभर यार्डांवर पाव इंच सरकवणारी क्लिक २५ यार्डांवर फक्त एक षोडशांश इंच सरकवते, म्हणून एक इंचासाठी सोळा क्लिक लागतील. मग शंभर यार्डांवर जा आणि गोळी नेमापेक्षा दीड ते दोन इंच वर बसवा. ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ अशी जुळवली की दोनशे यार्डांवर गोळी जवळपास नेमावर येते आणि तीनशेवर सात-आठ इंच खाली. दोनशेपर्यंत छातीच्या मध्यावर नेम धरा, बाकी गणित नको. .३०-३० मात्र शंभरावरच जुळवा. दोनशेवर ती सात-आठ इंच पडते.

हलक्या रायफलला वाळूच्या पिशवीवर मोकळं सोडू नका. जड रायफल पिशवीवर सरळ मागे येते, हलकी उसळते, आणि गोळी नळीत असतानाच ही उसळी सुरू झालेली असते. म्हणून पुढचा भाग हाताने धरून हात पिशवीवर टेकवा, जंगलात धरणार तसाच. नळी थेट कशावरही टेकवायची नाही. तीन बार, मग बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. पहिल्या दोन गोळ्या जवळ आणि तिसरी, चौथी वर-वर चढत गेली तर रायफल बिघडलेली नाही, नळी तापली आहे. गार नळीतूनही गोळ्या विखुरल्या तर क्रमाने पाहा: कड्यांचे स्क्रू, मग दस्त्याचे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, मग दुसऱ्या गोळीचं खोकं. दुर्बिणीवर संशय शेवटी घ्या.

शंभर यार्डांवर दीड इंचांत तीन गोळ्या बसल्या की पुरे. त्याहून जास्त महत्त्वाची गार नळीची पहिली गोळी, कारण हरणावर तीच जाते. चार वेगवेगळ्या दिवशी, दिवसाला एकच बार, एकाच कागदावर मारा. त्या चार भोकांचा घेर म्हणजे तुमची खरी रायफल.

यानंतर टेबल सोडा. आठ इंचांची कागदी थाळी लावा आणि गुडघ्यावर, बसून, काठीला टेकून, झाडाला हात लावून पाच-पाच बार मारा. पाचही ज्या अंतरावर थाळीत बसतात ते तुमचं अंतर, मग काडतूस काहीही म्हणो. हलक्या रायफलने ते पहिल्या हंगामात शंभर-सव्वाशे यार्ड निघालं तर तेवढंच धरा. डोळा मिटतो का हे पाहायला जोडीदाराला मॅगझिनमध्ये नकली काडतूस मधेच मिसळायला सांगा. चाप ओढल्यावर 'टक' झालं आणि नळीचं तोंड खाली झुकलं, की कारण कळलं. पुढचे शंभर बार .२२च्या छोट्या रायफलने मारा, मगच मोठ्या रायफलकडे या.

हरणावर नेम पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर. मागे माती किंवा चढ दिसल्याशिवाय बार नाही. पेनसिल्वेनियाच्या रायफल हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच चमकदार केशरी कापड अंगावर लागतं.

हंगाम संपल्यावर नळी पुसून, बोल्ट काढून, रायफल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत ठेवा. जॅकेटचे, पाठपिशवीचे आणि पट्ट्याचे सगळे कप्पे उलटे करून झटका. ती पाठपिशवी पुढे भारतात न्यायची असेल तर ही झडती दोनदा घ्या: अस्तरात सरकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर सापडलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे शिकारीची पिशवी प्रवासाला वापरूच नये.